जाते म्हणू नये

आमच्या बेडरूममध्ये एक खुर्ची आहे. बसायला म्हणून घेतली होती, आता तिच्यावर धुतलेले कपडे बसतात. मी रोज थोड्या घड्या घालते आणि रोज त्याहून जास्त कपडे येऊन पडतात. अगदी तळाशी काय आहे ते मलाही माहीत नाही. लग्नात आलेला टॉवेल असावा.

किस्स्यांचं तसंच होतं. एक घडतो, कुणाला तरी सांगू म्हणून बाजूला ठेवावा, तर त्याच्यावर दुसरा येऊन पडतो. मग सांगायला बसलं की बाही एकाची हातात येते आणि कॉलर दुसऱ्याची. आज ओवी शाळेत आहे, सासूबाई भिशीला गेल्यात, आणि दोन ढिगांपैकी हा उपसायला सोपा वाटला.

तर गोष्ट एवढीच, की आम्ही तिघी मैत्रिणी दोन रात्रींसाठी विमानानं हैदराबादला जायचं ठरवत होतो. नागपूरहून हैदराबाद! विमान वर चढतं, पाणी विचारतं आणि उतरतं. तेवढ्या वेळात लोक सीताबर्डीवर गाडी लावायला जागा शोधतात. पण ओवी चार वर्षांची आहे, आणि ती झाल्यापासून मी तिला एक रात्रसुद्धा सोडून राहिले नव्हते. तिला झोपताना माझ्या कानाची पाळी लागते. त्यातही उजव्याच कानाची. डावा तिला चालत नाही. त्यामुळे विमान, हॉटेल, चारमिनार हे सगळं पुढचं. आधी हे ठरायचं होतं, की माझा उजवा कान दोन रात्री नागपूरच्या बाहेर राहू शकतो की नाही.

*

तिघी म्हणजे मी, वंदनाताई आणि रश्मी. ओळख बिल्डिंगच्या गेटवरची. सकाळी मुलांची व्हॅन जाईपर्यंत आणि दुपारी ती परत येईपर्यंत आम्ही तिथं उभ्या असतो. वंदनाताई आमच्यात मोठ्या. त्यांचा थोरला कॉलेजात आहे, धाकटा तिसरीत. मिस्टर खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहेत. त्यामुळे बिल्डिंगमधली लाइट गेली की सगळे वंदनाताईंकडे अशा नजरेनं पाहतात, जणू ती त्यांनीच बंद केली! रश्मीला जुळी मुलं. ती कमी बोलते, कारण ती बहुतेक वेळ उभ्याउभ्या झोपलेली असते.

एका सकाळी व्हॅन निघून गेली, आम्ही वळलो, तर रश्मी अजून रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवतेय.

"रश्मे, व्हॅन गेली वं! कोणाले टाटा करून राहिली?" वंदनाताईंनी विचारलं.

रश्मी दचकली. म्हणाली, "मला वाटलं, मीच कुठंतरी चाललेय."

वंदनाताईंनी तिचा हलणारा हात धरून खाली केला. मग म्हणाल्या, "बस झालं. आता जाचंच. दोन राती. पोट्टे घरी, नवरे घरी, आपण बाहेर."

रश्मी जागी झाली. "गोवा?"

"गोव्याले जाऊन काय करशील? समुद्रावर उभी राहून दुसऱ्याच्या पोट्ट्यायवर ओरडशील, 'पाण्यात जाऊ नका रे' म्हणून. हैदराबाद. तिथं समुद्र नाही."

मी भीत भीत म्हटलं, "मग ट्रेननं जाऊ या ना? विमान कशाला?"

"तुह्यासाठीच विमान! ट्रेन बल्लारशाले थांबते. तू तिथंच उतरून वापस येशील. विमान मधात थांबत नाही."

बल्लारशाचा विचार माझ्या मनात नेमका तेव्हाच येऊन गेला होता.

*

आता हे सासूबाईंना सांगणं आलं.

आमच्या सासूबाई बोलतात कमी. त्यांच्या वतीनं मिक्सर बोलतो. नको तो विषय निघाला की त्या शांतपणे उठतात, भांड्यात हाताला लागेल ते टाकतात आणि बटण फिरवतात. मी हॉलचे पडदे बदलू या म्हटलं, तेव्हा शेंगदाण्याचं कूट झालं. निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नवी कार घेऊ म्हटलं, तेव्हा लसणाची चटणी झाली आणि ती आठवडाभर पुरली. मिक्सर चालू असताना आपण काहीही बोललो तरी ते त्यांच्या मते बोललंच गेलेलं नसतं. त्याचा राग नाही, उत्तर नाही, विषय संपला.

मी ओट्याजवळ गेले. म्हटलं, "आई, आम्ही तिघी जणी दोन रात्री हैदराबादला..."

घर्रर्र! जवसाची चटणी.

मी थांबले. मिक्सर थांबला. "काय म्हणत होती?"

"हैदराबादला जायचं म्हणतोय. ओवीला तुमच्याजवळ..."

घर्रर्र!

असं बऱ्याचदा झालं. चटणीचं पीठ झालं, पिठाला तेल सुटलं. शेवटी भांडं गरम झालं असावं, कारण त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि कंटाळून म्हणाल्या, "हैदराबादले रेल्वे जाते ना? मग विमानानं काहून?"

मी धावत बाहेर येऊन निखिलला सांगितलं, "परवानगी मिळाली! आता भांडण फक्त गाडीवरून आहे!"

*

आमच्या घरात 'जाते' म्हणत नाहीत. तसं बऱ्याच मराठी घरांत म्हणत नाहीत, पण आमच्याकडे त्याची अंमलबजावणी होते. निघताना 'येते' म्हणायचं. 'जाते' म्हटलं की माणूस जातो, असं सासूबाईंचं म्हणणं. मी एकदा घाईत "आई, दळण आणायला जाते" म्हटलं होतं. त्यांनी मला दारातून परत बोलावून नीट म्हणायला लावलं आणि मगच दळणाला सोडलं.

एकदा गॅसवाला सिलिंडर ठेवून "जातो मावशी" म्हणाला आणि जिना उतरायला लागला. सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "येतो म्हण गा! येतो म्हण!"

तो खालूनच म्हणाला, "मावशी, इतक्यात नाही ना भेटत दुसरा सिलिंडर!"

ओवी या वळणात वाढलेली. ती बाथरूमला जाताना सगळ्या हॉलला सांगते, "येते हं." पलंगाखाली बॉल काढायला शिरताना, "येते." एकदा तिनं व्हॅनवाल्या काकांना अडवलं. ते बिचारे म्हणाले होते, "चला, निघतो." ओवी म्हणाली, "निघतो नाही. येतो म्हणा. नाहीतर आजी मिक्सर लावेल."

*

तिकिटं मी काढली. तिघींमध्ये शिकलेली, कॉम्प्युटरवर काम केलेली वगैरे मी, त्यामुळे चूकही रीतसर माझ्याच हातून होणार होती. तिघींची नावं भरली, सीटा शेजारीशेजारी घेतल्या, स्वतःवर खूश होऊन ग्रुपवर तिकिटं टाकली.

थोड्या वेळानं रश्मीचा मेसेज. "माझं नाव रश्मी नाहीये."

मी फोन केला. "म्हणजे?"

"म्हणजे आहे. पण आधार कार्डावर कल्पना आहे. रश्मी हे सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं."

"मग आधी सांगायचं ना गं!"

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका थकवा होता की मला रागावताच येईना.

विमान कंपनीच्या नंबरवर मी तासभर गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली. फार गोड बोलत होती. "मैम, नाम की स्पेलिंग में छोटी-मोटी गलती हो तो हम ठीक कर देंगे. कौन-सा लेटर गलत है?"

मी म्हटलं, "सारे."

तिनं तरीही गोड आवाजातच विचारलं, "तो मैम, ये रश्मी जी कौन हैं?"

रश्मी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, "वो मैं ही हूँ. शादी के बाद."

उपाय एकच निघाला. रश्मीचं तिकीट रद्द करायचं आणि कल्पनाचं नवीन काढायचं. पण तोवर सीटा भरल्या होत्या. म्हणजे रश्मी आमच्या दोघींच्या मधोमध बसणार होती, आणि कल्पना आता सगळ्यात मागं, टॉयलेटला लागून!

वंदनाताईंना हे सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ हसत होत्या. "आमच्याकडं ही भानगडच नाही बाप्पा! बुद्धविहारात लग्न लागलं, नाव होतं तेच रायलं. जन्मली तवा वंदना, आता उडीन तवाबी वंदना!"

रश्मी मात्र हसली नाही. काहीतरी विचार करून म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं. कल्पनाला मुलंच नाहीयेत. ती आरामात झोपेल."

*

मी ओवीच्या डॉक्टरांकडे गेले. ओवीला न घेता.

"कोणाला त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून कोणालाच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईनं सांगितलं, की मी दोन दिवस नसणार आहे, आणि तेव्हा ताप आला तर? उलट्या झाल्या तर? नाकात शेंगदाणा गेला तर?

"आधी कधी गेलाय?"

"नाही. पण आमच्याकडे कूट फार होतं."

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही नसताना जे काही होईल ते तुम्ही असतानाही होऊ शकतं. तेव्हा तुम्ही काय करता?"

"तुम्हाला फोन करते."

"मग मिस्टरांकडे माझा नंबर देऊन ठेवा."

मी उठले. दारापर्यंत गेले, परत वळले आणि विचारलं, "आणि माझ्यासाठी काही लिहून देता का? म्हणजे, जाईपर्यंत जरा शांत वाटायला?"

त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. "खिडकीची सीट घ्या."

*

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बातमी लागली. आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टनं फिरते आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर सगळ्यात जास्त थांबते. काकू गेटवर आल्या. माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई, एवढ्याशा लेकराला सोडून जातेस? धाडस आहे बाई तुझं. आमच्यानं नसतं झालं!"

झालं. मी आधीच काठावर होते. आता तिकीट रद्द करायचं म्हणून मोबाइल काढणारच होते, तेवढ्यात वंदनाताई म्हणाल्या, "काकू, तुमचे मिस्टर मागच्या महिन्यात तिरुपतीले गेले होते ना? त्यायले कोणी विचारलं होतं का, घर सोडून जाचं धाडस कसं झालं म्हणून?"

काकू चिडल्या. "ते देवाला गेले होते!"

आणि मग भिंतीला टेकून डोळे मिटून उभी असलेली रश्मी, डोळे न उघडता म्हणाली, "आम्हीपण देवीलाच चाललोय, काकू. निद्रादेवी. हैदराबादची फार जागृत आहे म्हणतात!"

*

वंदनाताईंनी मला सल्ला दिला, की रंगीत तालीम घे. आधी थोडा वेळ दूर राहा, मग जरा जास्त. पोरीला सवय होईल आणि तुलापण.

पहिली तालीम रविवारी दुपारी. निखिल हिंगण्याच्या एका फॅक्टरीत क्वालिटीला आहे. तो म्हणाला, "मी तिथं अख्खी शिफ्ट सांभाळतो. एक मुलगी झोपवायला काय लागतं?" मी ओवीचा पापा घेतला, "येते" म्हटलं आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन माझ्या गाडीवर बसून राहिले. कुठं जायचं ते ठरवलंच नव्हतं! वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, "मॅडम, चाबी हरवली का?"

शेवटी राहवेना. वर आले, हळूच दार उघडलं. पलंगावर एका बाजूला निखिल, दुसऱ्या बाजूला सासूबाई, मधे ओवी. तिच्या एका हातात बाबाचा कान, दुसऱ्या हातात आजीचा. आणि ओवी टक्क जागी!

मला बघून तिनं डोळे मोठे केले. "श्श्श! आई, आवाज नको करू. दोघं आत्ताच झोपलेत."

दुसरी तालीम संध्याकाळची. मी "येते" म्हणून वंदनाताईंकडे जाऊन बसले. त्यांनी चहा टाकला. मी निखिलला फोन केला. तो म्हणाला, "सगळं मस्त चाललंय, तू अजिबात काळजी करू नको." मी ऐकत होते. त्याच्या आवाजामागं काहीच आवाज नव्हता! चार वर्षांचं मूल जागं आहे आणि घरात आवाज नाही, याचा अर्थ ज्यांना कळतो त्यांना कळतो. मी चहा तसाच टाकून पळाले.

ओवी निखिलच्या मांडीवर बसून त्याच्या नखांना माझं गुलाबी नेलपेंट लावत होती. एक हात झाला होता, दुसऱ्याचा अंगठा चालू होता. मला बघून तिचा चेहरा पडला. "आलीस पण?"

घरातलं रिमूव्हर संपलेलं होतं. दुसऱ्या दिवशी निखिलची पहिली पाळी. त्यानं दिवसभर हातमोजे काढले नाहीत, अगदी चहा पितानासुद्धा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. म्हणाले, "सेफ्टी शिकायची तर याच्याकडून शिका!"

तिसऱ्या तालमीत तर मी "येते" म्हटलं, लिफ्टमध्ये शिरले आणि दार बंद व्हायच्या आत बाहेर आले. ओवी दारातच उभी होती. ती मान हलवून आत निघून गेली, जशी सासूबाई कच्ची पोळी बघून जातात.

*

बॅग घ्यायला मी जरीपटक्याला गेले. दुकानदारानं सवयीनं सगळ्यात मोठी ट्रॉली पुढं ओढली.

"कितने लोग हैं, भाभी?"

"एक."

"बच्चे?"

"नहीं."

"भैया?"

"नहीं."

त्यानं मोठी बॅग परत वर ठेवली, काउंटरखालून एक छोटी काढली, तिची धूळ पुसली आणि अगदी आदरानं माझ्यासमोर ठेवली. "ये लीजिए. इसकी तो कोई डिमांड ही नहीं आती."

घरी येऊन बॅग भरली. निघायच्या आदल्या दिवशी निखिल म्हणाला, बघू किती जड झालीये, आणि त्यानं चेन उघडली. आत ओले टिश्यू, सर्दीचं औषध, ओवीची कानटोपी, तिचे रंगीत खडू, आणि ती सांडेल म्हणून तिचा जादा फ्रॉक. माझा एकही कपडा नव्हता. मी कधी भरलं हे सगळं, मला खरंच आठवत नाही. हातांनी आपलं आपलं भरलं असावं.

निखिल म्हणाला, "पॅकिंग छान झालंय. आता फक्त तू ओवीच्या मापाची हो."

मी बॅग रिकामी केली. ओवीची टोपी तेवढी राहू दिली. का, ते विचारू नका.

त्याच संध्याकाळी वंदनाताई आल्या. त्यांच्या हातात संत्रा बर्फीचे डबे.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"हैदराबादसाठी! कोणाच्या गावाले रिकाम्या हातानं जातात का?"

"ताई, पण आपण तिथं कोणाला ओळखतो? आपण हॉटेलात उतरणार आहोत!"

"मग हॉटेलवाल्याले देऊ. तोबी कोणाचं तरी लेकरूच आहे."

*

आणि मग तो दिवस आला. दुपारचं विमान होतं. वंदनाताई आणि रश्मी खाली टॅक्सीत बसल्या होत्या. निखिलनं सुट्टी घेतली होती. ओवी शाळेतून आली होती, जेवली होती, आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर, दारावर आणि निखिलच्या मोबाइलवर अशा सगळ्या ठिकाणी लावून झाला होता.

सासूबाईंनी माझ्या तळहातावर दही-साखर दिली. मी ती खाल्ली, त्यांच्या पाया पडले. ओवीला जवळ घेतलं. तिनं माझा उजवा कान थोडा वेळ धरला आणि सोडून दिला.

"येते," मी म्हटलं.

लिफ्टपर्यंत गेले आणि चार्जर आठवला. परत आले.

सासूबाई म्हणाल्या, "आता बस आधी. वापस फिरलं की बसावं लागते. पाणी पी." मी बसले, पाणी प्यायले. पुन्हा दही-साखर. "येते."

या वेळी लिफ्टमध्ये शिरले. तळमजल्याला पोचले. तापाच्या औषधाच्या बाटलीचं झाकण मी घट्ट लावलं होतं का? वर आले. लावलेलं होतं. "बस. पाणी पी." दही-साखर. "येते."

तिसऱ्यांदा परत आले तेव्हा काहीच विसरलं नव्हतं. मी दारात नुसती उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, तर मी म्हटलं, "पाणी प्यायला आले."

सासूबाईंनी वाटी चमच्यानं खरवडली. जेमतेम चमचाभर निघालं, ते माझ्या हातावर दिलं आणि म्हणाल्या, "दही सरलं आता."

तेवढ्यात खालून वंदनाताईंचा फोन. स्पीकरची गरजच नव्हती. "काय करून राहिली वं? विमान मधात थांबत नाही म्हणून घेतलं, तर ते सुरवातीलेबी थांबत नाही!"

मी बॅग उचलली. "येते," म्हटलं.

"नको," ओवी म्हणाली.

मी बॅग खाली ठेवली. "काय नको, बाळा? मी जाऊ नको?"

"येते नको म्हणू." ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "तू येते म्हणतेस आणि येतेस. सारखी येतेस."

"मग काय म्हणू?"

"जाते म्हण."

निखिल स्वतःच्या नखांकडे बघायला लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं. गॅसवाल्याला जिन्यातून शब्द बदलायला लावणाऱ्या बाई. त्यांनी ओवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हातातल्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आणि मिक्सर सुरू झाला.

भांड्यात काही नव्हतं. रिकाम्या मिक्सरचा आवाज कुठल्याही बाईला दुसऱ्या खोलीतूनसुद्धा कळतो.

"जाते!" मी म्हटलं. त्या आवाजात ओरडूनच म्हणावं लागलं.

"हं," ओवी म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.

लिफ्ट खाली पोचेपर्यंत मिक्सर चालूच होता.